चुकीच्या काजातलं बटण

मास्तरांच्या कोटाचं एक बटण कायम चुकीच्या काजात असायचं. कधी गळ्याजवळचं, कधी पोटावरचं, पण एक नक्की. त्यामुळे कोटाची एक बाजू वर चढायची आणि दुसरी खाली लोंबायची. उत्तनच्या वाळूवरून ते येताना लांबून वाटायचं, यांच्या खांद्यावर हात टाकून आणखी कुणीतरी चाललंय आणि ते कुणीतरी फक्त आपल्याला दिसत नाहीये. गावात नवीन आलेला माणूस हमखास सांगायला जायचा, "मास्तर, तुमचं बटण." मास्तर खाली बघायचे, मान डोलवायचे. "हो, खरंच की," म्हणायचे आणि तसेच पुढे जायचे.

घरात बायको नाही, सांगायला कुणी नाही, म्हणून हा माणूस असा, असं लोक धरून चालले होते. माझ्या आईने एकदा न राहवून रस्त्यातच त्यांच्या कोटाला हात घातला. मास्तर मागे सरकले. म्हणाले, "नको बाय, मोठ्या कष्टाने लावलंय." आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "मास्तर मानूस चांगला हाय, पन डोकं जरा वाऱ्यावर हाय."

त्यांना आठवायला बसले की मला कुठलंही साल आठवत नाही. लढाई सुरू होण्याआधीची ती वर्षं माझ्या डोक्यात एकाच लांबलचक सकाळीसारखी पसरली आहेत. ओहोटी लागलेली असते. आमच्या पाली पाड्याकडच्या खडकांवर धुकं असतं. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या लांब मांडवावर, तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील वाऱ्याने हलत असतात, आणि त्यांच्या पलीकडून काळी छत्री घेतलेले मास्तर येत असतात. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री उघडी. ते चालतात आणि जवळ येत नाहीत. मग देवळाची घंटा होते आणि धुकं जरा हलतं. आम्ही उत्तनचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो.

मास्तर गावच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी देवळात पायपेटी वाजवायचे. घराबाहेर पडताना कुलूप अडकवायचे आणि चालू लागायचे. लागलं का ते ओढून बघायचे नाहीत, मागे वळायचेही नाहीत. बऱ्याचदा ते लागलेलं नसायचंच. एकदा बकऱ्या आत शिरल्या आणि त्यांची नवी चटई अर्धी खाऊन गेल्या. मास्तर उरलेल्या अर्ध्या चटईवर पाय बाहेर काढून झोपायला लागले. प्रार्थनेचंही तेच. म्हणता म्हणता खोकला आला आणि एखादा शब्द गिळला गेला, तर तो गेला. मागे जाऊन उचलायचा नाही. पायपेटीवर सूर चुकला तर चुकलेल्या सुरावरूनच पुढे जायचं. म्हाताऱ्या बाया कुजबुजायच्या की मास्तरांची भक्ती म्हणजे भोकं पडलेलं जाळं आहे.

मला मात्र त्यांची गंमत वाटायची नाही. मला त्यांची भीती वाटायची. इतकी बेफिकिरी करून हा माणूस रात्री झोपतो कसा, हे मला कळत नसे, कारण मी बरोबर त्यांच्या उलट होते.

त्या काळी मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, प्रसाद घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही जाऊन चालत नसे. उपास मोडून जाणूनबुजून प्रसाद घेणं म्हणजे महापाप. बाकीच्यांना हा नियम सोपा होता. झोपायचं, उठायचं, देवळात जायचं. पण आमचं घर अगदी दर्याला लागून. पहाटे वारा सुटला की लाटांचे तुषार अंगणापर्यंत यायचे. दारं, वल्ही, बोंबील, माणसं, सगळ्यांवर खारा ओलावा बसायचा. एका रविवारी देवळाच्या वाटेवर मी ओठांवरून जीभ फिरवली आणि ती खारट लागली. मनात आलं, हे पाणी आहे. मी पाणी प्यायले.

बस, एवढंच. तुम्हाला हसू येईल. मला आज येतं. पण त्या दिवशी मी वेदीपुढच्या कठड्याशी प्रसादाला गेले नाही. पुढच्या रविवारी तोंडाला पदर बांधून गेले. तरी पदरातून वारा आला असेल तर? मग घराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मग थुंकी गिळायची भीती वाटायला लागली. वाटेत कुणी हाक मारली तर मी तोंड उघडत नसे. सुरुवातीला आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची पोर लई देवाची हाय." पुढे पुढे ती सांगेनाशी झाली.

मी कुमसाराला, म्हणजे पापं सांगायला, पुन्हा पुन्हा जाऊ लागले. फादर म्हातारे होते आणि सोशिक होते. ते म्हणायचे, "बाळ, हे पाप नाही. जा." मी देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत मनात यायचं, आपण नीट सांगितलंच नाही. जीभ आपोआप फिरली की आपण फिरवली, हे सांगायचं राहिलं. की परत वर. शेवटी शेवटी जाळीच्या पलीकडून माझी चाहूल लागली की फादरांचा सुस्कारा ऐकू यायचा, आणि त्यांना त्रास दिला हे आणखी एक पाप माझ्या खात्यावर चढायचं.

यात माझं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या चौक गावचा, घरची होडी, माणसं चांगली. पण लग्नाच्या मिस्सेत नवरानवरीने साऱ्या गावासमोर प्रसाद घ्यायचा असतो. कठड्याशी न जाणारी पोर म्हणजे काहीतरी झाकून ठेवतेय, अशी कुजबूज पालीत सुरू झाली होतीच. चौक काही लांब नव्हतं. प्रसाद घेतला नाही तर लग्न मोडणार आणि आईबाबांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि मोडलेल्या उपासाने घेतला, तर साऱ्या संसाराच्या मुळाशी महापाप. मी दोन्हीकडून बुडत होते. जेवण तुटलं होतं, आणि बोंबील टांगताना हात मध्येच थांबायचे.

एक दिवस फादर जाळीतून म्हणाले, "तू मास्तरांकडे जा. हा आजार मी पुस्तकात वाचलाय, त्यांनी तो अंगावर काढलाय." आजार हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला तो शब्द इतका बरा वाटला की रडूच आलं.

मास्तर ओटीवर चिंचा फोडत बसले होते. बाजूला एक आलवणातली बाई बसली होती. भाईंदरच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या विधवा काकी. मोठं घर, भातशेती, देवघर. त्या छकड्यातून एवढ्या लांब यायच्या, पाण्याचा तांब्या स्वतःचा घेऊन. त्यांचे हात मनगटापर्यंत सोलवटलेले होते. धुऊन धुऊन. मी उभीच राहिले. मास्तरांनी चिंचांची टोपली माझ्याकडे सरकवली.

"तुझ्याकडे पण वकीलसाहेब येतात वाटतं," ते म्हणाले.

"कोण वकील?"

"येतो, पायावर पाय टाकून बसतो. ओठ ओले होते का? होते, तर पुसले का? पुसले, तर नीट पुसले का? तू एक उत्तर दिलंस की तो पुढचा प्रश्न काढतो. त्याची केस कधी संपत नाही, बाय. संपली तर त्याचं पोट कसं चालणार?"

"मग त्याला हाकलायचं कसं?"

"हाकलायचं नाही. हाकललं की त्याला वाटतं केस मोठी आहे. ओटीवर बसू द्यायचं, बोलू द्यायचं. फक्त चहा द्यायचा नाही."

काकी चिंचेतून मान वर न करता म्हणाल्या, "तुजा काय म्हनतो गो?"

मी सांगितलं, खारा वारा गिळलास म्हणतो. काकींनी माझ्याकडे पाहिलं. "माजा म्हनतो, कुनाची सावली परली, परत धू." आणि त्या हसल्या. त्यांचा देव निराळा, माझा निराळा, आणि वकील मात्र एकच. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मीही हसले. कितीतरी महिन्यांनी तोंड उघडून हसले.

काकींना मास्तरांनी एकच काम दिलं होतं. हात एकदा धुवायचे आणि मग चिंच फोडत बसायचं. परत धुवावेसे वाटले तर वाटू द्यायचं, पण उठायचं नाही. त्यांची बोटं चिंचेने काळी चिकट व्हायची, कपाळावर घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मास्तर त्यांना धीर देत नसत, उपदेशही करत नसत. समोर बसून तेही चिंचा फोडायचे. कधी गुणगुणायचे. ओटीवर ऊन सरकत जायचं, समोर भरती चढायची, होड्या आपोआप उचलल्या जायच्या. अशाच एका दुपारी काकींनी मान वर केली आणि चकित होऊन म्हणाल्या, "गेला वाटतं."

मला त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पळूनच जाणार होते. मिस्सेच्या दिवशी पहाटे पालीच्या खडकावर वाऱ्यासमोर उभं राहायचं, तोंड उघडं ठेवायचं, आणि तिथून सरळ देवळात जाऊन प्रसाद घ्यायचा. ओठ पुसायचे नाहीत. कुमसार महिन्यातून एकदाच, आणि त्यात वाऱ्याचं नाव काढायचं नाही.

"आणि तो आवाज खरंच देवाचा असला तर?" मी विचारलं.

मास्तरांनी खूप वेळ छत्रीच्या काड्या चाचपल्या. "देव माझ्याशी फार थोडं बोललाय, बाय. पण जे बोलला ते एकदाच बोलला. मागे लागला नाही."

पहिल्यांदा ते माझ्याबरोबर खडकावर आले. आई खाली वाळूवर उभी होती. वाऱ्याने मास्तरांचा वाकडा कोट फुगला होता, छत्री उलटी झाली होती, आणि ते तोंड आ वासून समुद्राकडे बघत होते. शेजारी मीही तशीच. खालून बघणाऱ्याला आम्ही दोन घोळ मासे दिसलो असू. त्या दिवशी मी देवळात गेले, पण कठड्याशी जायला पाय उचलले नाहीत. मास्तर रागावले नाहीत. "पुढच्या रविवारी परत खडक," एवढंच म्हणाले. मग कुठल्यातरी रविवारी पाय उचलले. प्रसाद घेतल्यावर दिवसभर मी वीज पडायची वाट बघत बसले. संध्याकाळी आईने कालवण वाढलं आणि वीज पडली नाही.

मी बरी झाले असं मला वाटलं. एकदा धीर करून मी मास्तरांना विचारलं, तुम्हाला कुणी बरं केलं? तेव्हा त्यांनी बटणाचं सांगितलं. ते फादर व्हायला सेमिनरीत गेले होते. तिथे सकाळी झग्याची बटणं लावायला बसले की नीट लागली नाहीत असं वाटायचं. नीट नाही म्हणजे देवापुढे जायला लायक नाही. मग सगळी काढायची आणि परत लावायची. खाली मिस्सा संपायची आणि हे वर बटणंच लावत असायचे. शेवटी त्यांना घरी पाठवलं.

"मला वाटलं, देवानेच बाहेर काढलं. कितीतरी वर्षं वाटलं," ते म्हणाले. "मग एक दिवस मला कंटाळा आला. अगदी मनापासून. त्या वकिलाचा, बटणांचा, माझ्या लायकीचा. दुसऱ्यांना देवदूत भेटतात, मला देवाने कंटाळा दिला. तेव्हापासून एक बटण चुकीचं लावतो आणि दिवसभर घालतो. आधी आधी अंगावर पाल चढल्यासारखं व्हायचं."

"आणि आता?"

"आता रोज होत नाही."

नाताळनंतर लग्न आलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्या पाण्याने सकाळी नवरीला आंघोळ घालतात. मला हे ठाऊक होतं, पण इतके दिवस वाऱ्याशी झुंजताना पाण्याकडे लक्षच गेलं नव्हतं. पहाटे अंगणात मला पाटावर बसवलं. बाया गात होत्या, वाजवणारे वाजवत होते, मी ओठ घट्ट मिटून बसले होते. तेवढ्यात आत्याने काहीतरी चावट गाणं काढलं, मला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी घागर डोक्यावर रिकामी झाली. पाणी तोंडात गेलं. विहिरीचं, गोडं. आणि मी ते गिळलं.

हा वारा नव्हता. हे खरंखुरं पाणी होतं. सगळ्या बाया हसत होत्या आणि मी पाटावर थिजून बसले होते. मला लुगडं नेसवलं, फुलं माळली, देवळाकडे वरात निघाली, आणि वकीलसाहेब माझ्या कानाशी चालत होते. आता काय म्हणतेस? आता तरी कबूल कर. फादरांना विचारायला वेळ नव्हता, आणि एकदा विचारून माझं भागायचं नाही, हेही मला कळत होतं. मी ठरवलं की कठड्याशी जायचं नाही. चक्कर आली असं सांगायचं. लग्न मोडलं तर मोडू दे.

देवळात मी पुढे गुडघे टेकून होते. शेजारी चौकचा मुलगा, नव्या कोटात घामाघूम. एका बाजूला पायपेटीशी मास्तर. पेटीवर त्यांनी दाढीचा लहानसा आरसा टेकवून ठेवलेला असायचा, पाठमोरं बसून वेदी दिसावी म्हणून. माझी नजर त्या आरशात गेली. मास्तर माझ्याकडेच बघत होते. माझ्या तोंडावर काय दिसलं त्यांना, कोण जाणे. प्रसादाची वेळ झाली, मास्तरांनी भाता मारला आणि पेटी सुरू झाली.

ते लग्नाचं गीत नव्हतं. मयत देवळातून उचलतात तेव्हा म्हणायचं गीत होतं.

सासूबाईंनी कपाळापासून छातीपर्यंत खुरसाची, म्हणजे क्रुसाची, खूण केली. वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे वाट बघत होते की मास्तर आता थांबतील, आता परत सुरू करतील. मी आरशात बघत होते. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता. आणि ते थांबले नाहीत. चुकलेलं गीत, नवरानवरीसमोर, भरल्या देवळात, ते शांतपणे वाजवत राहिले. तो घाम मी ओळखत होते. काकींच्या कपाळावर पाहिला होता, खडकावर माझ्या अंगाला फुटला होता. या माणसाच्या आत आत्ता काय चाललंय हे त्या साऱ्या देवळात मला एकटीला ठाऊक होतं, आणि तरी त्यांचे हात चालत होते.

मी उठले. तशीच कठड्याशी गेले आणि प्रसाद घेतला. जीभ अजून ओली होती.

गीत शेवटपर्यंत वाजलं. मग मास्तरांनी खोकून घसा साफ केला आणि लग्नाचं गीत सुरू केलं.

सासूबाई कितीतरी वर्षं मास्तरांशी बोलल्या नाहीत. माझ्या घरी काही वाईट होतंय का यावर गाव डोळा ठेवून होतं. जे झालं ते सगळ्यांच्या घरी होतं तेवढंच झालं. एकदा मी मास्तरांना विचारलं, ते चुकून वाजलं की मुद्दाम? ते चिंचा फोडत होते. म्हणाले, "हा प्रश्न वकीलसाहेब मला रोज विचारतात. मी उत्तर देत नाही."

मी बरी झाले असं म्हणणार नाही. मूल झालं तेव्हा वकील परत आला, बाबा गेले तेव्हा आला. लढाईत किनाऱ्यावर दिवे झाकायचे हुकूम आले, संध्याकाळ झाली की सगळं गाव धुक्यात बुडाल्यासारखं व्हायचं, त्या काळात तर तो मुक्कामालाच होता. मी ओटीवर बसू द्यायची.

लढाई संपत आली तेव्हा मास्तर गेले. सकाळी निरोप आला आणि मी चौकहून चालत गेले. शेजारच्या पुरुषांनी त्यांना आंघोळ घालून कोट चढवला होता. सगळी बटणं नीट, जिथली तिथे. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. कुणीतरी दुसराच सभ्य गृहस्थ निजलेला वाटत होता. मी वाकले, पोटावरचं एक बटण काढलं आणि वरच्या काजात घातलं. कोटाची एक बाजू चढली.

"काय करतेस गो?" आई म्हणाली.

"चुकलं होतं. नीट केलं."

काकी आल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, छकड्यातून दोघांनी उतरवलं. त्या आत आल्या, मास्तरांच्या पायांना हात लावला, आणि विहिरीकडे न जाता ओटीवर येऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

मग मास्तरांना देवळाकडे नेलं. मी निर्जळी होते, मास्तरांच्या मिस्सेला प्रसाद घ्यायचा होता. वाट किनाऱ्याने जात होती. धुकं होतं, वलांडीवर बोंबील हलत होते, वारा दर्यावरून सरळ तोंडावर येत होता. मी रडत होते, त्यामुळे ओठांवर दर्याचं किती आणि माझं किती ते कळायला मार्ग नव्हता. मी जीभ फिरवली. खारट लागलं. कानाशी वकीलसाहेब काहीतरी विचारत होते. मी मागे न बघता देवळात गेले.